चार-सहा-एकच्या मागावर

संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या तव्यावर भाकरी भाजता येते एवढ्या अंतराला प्रवास म्हणायचं का, असं माझ्या धाकट्या बहिणीने विचारलं. ती दरवर्षी टूरवाल्याबरोबर कुठेतरी जाऊन येते आणि सगळीकडे तिला नाश्त्याला पोहेच मिळतात. मी तिला म्हटलं, जिथली रीत आपल्याला कळत नाही तिथे गेलं की प्रवास झाला. मी डोंबिवलीच्या कोपरहून ठाण्यात नौपाड्याला आणि मग कल्याणला जाऊन आले. त्यात जो मुलूख बघितला तो कुठल्याच टूरवाल्याकडे नाही. तो लिनक्सचा मुलूख, म्हणजे विंडोजऐवजी ज्यावर काही कॉम्प्युटर चालतात त्या प्रणालीचा. तिथे प्रत्येक वस्तूच्या नावापुढे आकडे असतात आणि त्या आकड्यांच्या चालीरीती अशा आहेत की भाजी घेताना आधी काट्याखाली बघणाऱ्या माझ्यासारख्या बाईने तिकडे फिरकूच नये. पण जावं लागलं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत माझं लेबल छापायचं युनिट आहे. रसायनांच्या ड्रमवर बॅच नंबर, तारीख आणि धोक्याची खूण असलेली लेबलं असतात, ती. मी सुरुवात दुसऱ्याच्या युनिटमध्ये लेबलं कापण्यापासून केली. स्वतःचं पहिलं यंत्र घेतलं तेव्हा विकणाऱ्याने ते नवं म्हणून दिलं. पुढे एकदा दुरुस्तीला पत्रा उघडला, तर ज्या पट्टीवर यंत्राचं वर्ष कोरलं होतं तिच्या खाली दुसरी पट्टी निघाली. तिच्यावरचं वर्ष फार जुनं होतं. लेबलावर लेबल. तो माणूस अजून लग्नकार्यात भेटतो आणि नमस्कार करतो. मी अजून करत नाही. हे आधीच सांगते, कारण माझं पुढचं सगळं वागणं त्या पट्टीतून आलेलं आहे.

त्या सोमवारी माझ्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडून फोन आला. केमिकल कंपनी आहे, नाव घेत नाही. माझं निम्म्याहून जास्त काम त्यांचं. त्यांच्या कॉम्प्युटरवरून बॅच नंबर थेट माझ्या लेबलच्या कॉम्प्युटरवर येतात, म्हणून त्यांचे ऑडिटवाले तांबे माझ्याही मशीनची चौकशी करतात. तांबे वयाने लहान आणि बोलायला इतके मऊ की मला पहिल्यापासून संशय. त्यांनी आदल्या आठवड्यात माझ्या ऑफिसात फोन करून काही पॅकेजांचे आकडे विचारून घेतले होते. पॅकेज म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवलेला एकेक छोटा प्रोग्राम. त्यातल्या एकाचा, फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रामचा, माझ्याकडचा आकडा निघाला ४.६.१. तांबे म्हणाले, या ४.६.१ मध्ये कुणीतरी मुद्दाम चोरवाट करून ठेवलेली सापडली आहे, जगभर लोकांनी तो काढून टाकला, तुमच्याकडे कसा? शुक्रवारी मी येतो, तोपर्यंत खुलासा तयार ठेवा, नाहीतर जोडणी तोडावी लागेल.

जोडणी तोडली की काम गेलं. आणि ते कुठे जाणार तेही मला ठाऊक होतं. कल्याणला गायकरकडे. त्याचंही लेबलांचंच युनिट, आणि त्याच कंपनीचं थोडं काम त्याच्याकडेही.

माझे आणि गायकरचे, दोघांचेही कॉम्प्युटर एकाच माणसाने बसवलेले. नौपाड्याचा साळवी. बसवताना मी त्याला बजावून सांगितलं होतं की मला सगळ्यात नवं पाहिजे, दुसऱ्याच्या वापरातलं काही चालणार नाही. भाव मात्र गायकरचाच. त्याने मान डोलावली होती. इतक्या लवकर मान डोलावणाऱ्या माणसाने काय दिलं असेल, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मोटागावचा पूल

मंगळवारी सकाळी स्कूटरवर निघाले. साळवीला फोन केला नाही. फोन केला की माणूस तयारीत बसतो. मशीन आधी उघडून बघावं असं वैशाली, माझी ऑपरेटर, म्हणत होती. पण आधी माणूस तपासायचा आणि मग माल, ही माझी पद्धत आहे.

पूर्वी आमच्याकडून ठाण्याला जायचं तर शिळफाट्याचा वळसा आणि तिथली ट्रकांची रांग. आता मोटागावच्या टोकाला खाडीवर पूल झालाय, तो पलीकडे माणकोलीला उतरतो. सकाळी पुलावर चांगला वारा असतो. वास मात्र मिश्र: चिखल, मीठ, आणि कुठूनतरी आमच्याच एमआयडीसीचं थोडं काहीतरी. दोन्ही बाजूंना खारफुटी, ओहोटीचं पाणी, आणि मधोमध एक होडी काहीही न करता उभी. काहीही न करता उभी असलेली होडी मला आवडत नाही.

पुलाच्या मध्यावर एक जोडपं फोटो काढत होतं. त्यांनी मला थांबवून हातात मोबाइल दिला, काकू आमचा एक काढा ना म्हणून. अनोळखी बाईच्या हातात एवढा महाग मोबाइल, आणि तिच्याखाली चालू स्कूटर. मी फोटो काढला, मोबाइल परत दिला आणि यापुढे असं करू नका म्हणून सांगितलं. ती पोरं हसली. माणकोलीला पेट्रोल भरलं, आकडा शून्यावरून निघाला याची खात्री करून घेतली, आणि तिथून हायवेने माजिवडा, मग नौपाडा.

नौपाडा

नौपाड्यात माणसं चालतात. डोंबिवलीतही चालतात, पण आमच्याकडे कुठेतरी पोचण्यासाठी चालतात. इथे दोन पावलं टाकून थांबतात, समोरून आलेल्याशी बोलतात, पिशवी या हातातून त्या हातात घेतात. प्रत्येक गल्लीत एक जुनी इमारत पाडलेली आणि एक नवी उभी. नव्या इमारतींवर इंग्रजी नावाच्या मोठ्या पाट्या आणि खाली बारीक अक्षरात 'पूर्वीची अमुक सोसायटी'. पत्ता विचारला की सगळे ते खालचंच नाव सांगतात. वरचं मग लावलंय कशाला, असं मी एका दुकानदाराला विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

साळवीचं ऑफिस दातांच्या दवाखान्याच्या वर आहे. जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास. साळवी चाळिशीचा, बारीक, बोलताना समोरच्याकडे न बघता स्क्रीनकडे बघणारा. मी बसायच्या आधी सुरुवात केली. काय बसवलंस, कुणाचा टाकाऊ माल माझ्या गळ्यात मारलास, गायकरला काय दिलंस, आणि माझं काम गेलं तर ठाण्यापासून कल्याणपर्यंत तुला एकही मशीन लावू देणार नाही, हे सगळं एका दमात झालं. खालून दवाखान्यातल्या बाई वर येऊन गेल्या, पेशंट घाबरतायत म्हणून.

साळवीने ऐकून घेतलं. मग स्वतःच्या मशीनवर काहीतरी टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवला. त्याच्या मशीनवरही लिनक्सची माझ्यासारखीच आवृत्ती होती. तिथे त्या पॅकेजचं नाव, आणि पुढे असं लिहिलेलं: ४.६.१+रिअली४.४.५-१.

"हे काय?"

"लेबल चार-सहा-एकचं आहे. आत खरंतर चार-चार-पाच आहे. तसं लिहिलंय ते."

माझ्या डोळ्यांपुढे यंत्रावरची पट्टी आली. तीस वर्षं या धंद्यात आहे, लेबलावर लेबल चिकटवणारे पुष्कळ बघितले. पण चिकटवून शेजारी 'खरंतर' असं छापणारे पहिल्यांदा बघत होते. मी त्याला विचारलं, हे तू केलंस का? तो म्हणाला, नाही, बनवणाऱ्यांनीच. मी म्हटलं, मग सगळेच सामील.

त्यावर बोलायला मला आणखी बरंच होतं, ते मी जिना उतरता उतरता बोलले, साळवी मागोमाग, आणि खाली आले तर स्कूटर नव्हती. होती तिथे रस्त्यावर खडूने काहीतरी खरडलेलं. उचलून नेली होती. साळवीकडे पोचून अर्धा तासही झाला नव्हता. मला वाटलं यानेच फोन केला. त्यालाही तसं म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, मी तुमच्यासमोर बसून शिव्या खात होतो. फोन कधी करणार?" हे मात्र खरं होतं. मग गाड्या नेऊन ठेवतात तिथपर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला. वाट त्यालाच ठाऊक होती.

त्या चालण्यात मला त्या मुलखाची रीत कळली. कळली म्हणजे ऐकली. विश्वास ठेवला नव्हता.

साळवीने सांगितलं ते असं. लिनक्स एकच नाही. ते बांधून देणारे वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाच्या आवृत्त्या निघतात. आवृत्त्यांना आकडा असतोच, शिवाय घरातल्या मुलांना ठेवावं तसं लाडाचं नावही. एका आवृत्तीत जे पॅकेज जाईल त्याचा पुढचा आकडा सहसा तिथेच थांबतो. पुढे दुरुस्ती झाली तरी तो बदलत नाही, फक्त त्याच्या शेपटात भर पडते: या आवृत्तीची पहिली दुरुस्ती, दुसरी दुरुस्ती. म्हणून नुसता पुढचा आकडा बघून माल जुना म्हणायचं नाही. शेपटापर्यंत वाचायचं. ज्यांना एखादी मोजणीच पहिल्यापासून सुरू करावी लागते ते सगळ्यांच्या आधी एक आकडा आणि दोन टिंबं लावतात, आणि तो आकडा एकदा लागला की कायमचा. कुणालाही काढता येत नाही. मला हे जरा आपल्याकडच्या सोसायट्यांच्या चेअरमनसारखं वाटलं. आमच्याकडे मात्र उलटी रीत. माझ्या युनिटमध्ये प्रत्येक बॅच नंबराला शेपूट असतं, कुठल्या मशीनवर छापलं, कुठल्या पाळीत, चुकलं म्हणून पुन्हा छापलं का, पण ते आमच्यापुरतं. गिऱ्हाइकाला नुसता नंबर. शेपूट गेटबाहेर जात नाही, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मी साळवीला तसं ऐकवलं, की आम्ही घरातलं घरात ठेवतो.

मग त्याने विचारलं, "तुमच्याकडून चुकीचा रोल बाहेर गेला तर काय करता?"

"परत मागवते. फाडते."

"आम्हाला मागवता येत नाही. तो जगभर जाऊन बसलेला असतो. आणि मशीनला एवढंच कळतं, मोठा आकडा घ्यायचा, लहान घ्यायचा नाही. चार-सहा-एकमध्ये गडबड निघाली. जुनं चार-चार-पाच चांगलं होतं. पण ते तसंच पाठवलं असतं तर मशीनने दारातूनच परत लावलं असतं, आकडा लहान म्हणून. मग मोठा आकडा पुढे ठेवायचा आणि आत काय आहे ते शेजारी लिहायचं. उगाच कुणी फसायला नको."

आम्ही एका दुकानात थांबलो होतो. त्याने कोथिंबीर वडी मागवली. वडी चांगली होती, आतून मऊ, वरून तीळ. आमच्या डोंबिवलीत एवढी जाड कापत नाहीत. मी खाता खाता विचार केला. ऐकायला सगळं बरोबर होतं, म्हणूनच मला पटेना. एक गोष्ट तर सरळच बसत नव्हती. मी म्हटलं, तांब्यांना माझ्याकडून मिळालेला आकडा चार-सहा-एक एवढाच आहे. त्याला शेपूट नाही.

साळवी खाता खाता थांबला. पहिल्यांदा त्याने माझ्याकडे सरळ बघितलं.

"नुसतं चार-सहा-एक? नक्की?"

मग त्याने विचारलं की इंटरनेटवरून माझ्या मशीनमध्ये येऊन दुरुस्ती करायची त्याची वाट मी मागे बंद करून टाकली होती, तेव्हा अपडेटपण बंद केले होते का. मी म्हटलं, मला काय माहीत काय काय बंद झालं. तुला आत येऊ द्यायचं नव्हतं, मी सगळं बंद करायला सांगितलं. तो म्हणाला, तसं असेल तर तुमच्याकडे खरंच ते खराब असू शकेल. युनिटवर जाऊन त्या प्रोग्रामलाच त्याचा नंबर विचारा. लेबल काहीही असो, प्रोग्राम स्वतःचा खरा नंबर सांगतो. कसं विचारायचं ते त्याने कागदी नॅपकिनवर लिहून दिलं.

मी नॅपकिन घेतला. मनात म्हटलं, संशयिताने स्वतःच्या चौकशीची पद्धत लिहून दिली आहे. स्कूटर मिळाली, आरशाला नवा ओरखडा होता, त्यावरून तिथल्या माणसाशी भांडले आणि पुलावरून परत आले. होडी तिथेच होती.

गांधारी, कल्याण

माझ्या मशीनला हात न लावता बुधवारी मी कल्याण गाठलं. साळवीला पकडायचा मार्ग एकच होता: गायकरच्या मशीनवर काय आहे ते बघायचं. दोघांना वेगळा माल दिला असेल तर प्रश्नच मिटला.

कल्याणला मी पत्रीपुलावरून जाते, आणि दर वेळी वाटतं की या गावाला घाई आहे पण कुठे जायचं ते ठरलेलं नाही. गांधारीकडे वळलं की गोंगाट कमी होतो. खाडीकडून वारा येतो, आणि नव्या टॉवरांच्या मधे एखादं जुनं आगरी घर अंगण सांभाळून उभं दिसतं. गायकरचं युनिट त्याच्या घराच्या मागेच. प्रभाकर गायकर माझ्याच वयाचा, अंगाने मोठा, गळ्यात जाड साखळी. आमचं वैर जुनं आहे आणि दोघांनाही त्यात आनंद आहे.

मी निमित्त काढलं की डिंकाच्या कागदाचा एक रोल उसना पाहिजे. गायकर खुर्चीवरून न उठता म्हणाला, "बस गो ताय, पानी पी. कागदासाठी तू डोंबिवलीशी कल्यानला आलीस? तुजे बाजूला तीन दुकाना हाईत."

मग त्यानेच सांगितलं की तांब्याचा फोन त्यालाही आला होता. माझी काही अडचण झाली आहे हे त्याला कळलं होतं, आणि काम इकडे येणार म्हणून त्याने एक मुलगी कामाला बोलावूनही ठेवली होती. हे सगळं तो इतक्या मोकळेपणाने सांगत होता की मला राग यायलाही वेळ लागला. तेवढ्यात आतून जेवण आलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं. शत्रूच्या घरी जेवू नये म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांनी ती सुकट खाल्लेली नसणार. आमच्याकडे सुकटीला खोबरं घालतात. इथे नुसता कांदा, मिरची आणि कोकम. आमची पद्धत चुकीची आहे असं मला तिथे बसल्या बसल्या वाटलं आणि मी ते बोलले नाही.

जेवण झाल्यावर मी सरळ म्हटलं, तुझं मशीन दाखव. त्याने दाखवलं. झाकायचं काय आहे, म्हणाला. त्याच्याकडे त्या पॅकेजचा आकडा होता ४.४.१, आणि मागे लांब शेपूट, त्यात आवृत्तीचा आकडा आणि तिची पहिली दुरुस्ती.

वेगळा माल. मी उभीच राहिले. बघ, म्हटलं, तुला चांगलं दिलं आणि मला खराब.

गायकर हसायला लागला. "माजा जुना हाय गो. साळवी बोल्ला, जुना लोकांनी वापरून झालेला असतो, तो बरा. मी बोल्लो, दे. तुलाच नवा पायजे व्हता. अजून बाजारात पन नव्हता आला, तवा तू घेतलास. आख्ख्या एमआयडीसीत सांगत फिरलीस."

ते मी सांगत फिरले होते. साळवीने दिलेली आवृत्ती खरंच अजून बाहेर यायची होती, आणि गडबड झाली ती अशा पुढच्या आवृत्त्यांतच. मला सगळ्यात नवं पाहिजे होतं आणि मला सगळ्यात नवं मिळालं होतं. या बाबतीत साळवीला धरता येत नव्हतं, आणि त्याचं मला वाईट वाटलं.

निघताना मी सहज विचारलं, तांब्याने फोन केला तेव्हा तू हे एवढं मोठं नाव सांगितलंस कसं?

"कसा म्हंजे? जा काय लिवलाय ता वाचला, शेपटासकट. आपल्याला काय कलतंय त्यातला? सोरायचा काय नि ठेवायचा काय?"

मी स्कूटरला किल्ली लावली आणि तशीच थांबले. गायकरला काही कळत नव्हतं म्हणून त्याने सगळं वाचलं. माझ्याकडे वाचणाऱ्याला कळत होतं. माझ्याकडे फोन वैशाली उचलते.

कागदाचा रोल त्याने खरंच दिला. मी तो घेतला.

परत एमआयडीसी

पोचले तेव्हा पाळी सुटायची होती. वैशाली लेबलचा कॉम्प्युटर बंद करत होती. माझ्याकडे आली तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती, आता तिचा मुलगा शाळेत जातो. आमच्याकडची एकही चूक तिच्या हातून बाहेर गेलेली नाही. मी तिला बंद करू नको म्हटलं आणि शेजारी बसले. साळवीचा नॅपकिन काढला. त्यावर वडीचं तेल आलं होतं.

आधी लेबल बघितलं. स्क्रीनवर पूर्ण नाव होतं: ४.६.१+रिअली४.४.५-१. साळवीकडे होतं तेच. मग नॅपकिनवरचं टाइप करून प्रोग्रामला त्याचाच नंबर विचारला. प्रोग्राम म्हणाला ४.४.५. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. म्हणजे अपडेट बंद झालेच नव्हते, दुरुस्ती आपोआप येऊन बसली होती, आणि खराब माल माझ्याकडे राहिलाच नव्हता.

मी वैशालीला विचारलं की तांब्यांना फोनवर तिने काय सांगितलं.

"चार-सहा-एक," ती म्हणाली.

"आणि पुढचं?"

"पुढचं शेपूट होतं ना मॅडम." तिला माझा प्रश्नच कळला नाही. "शेपूट बाहेर जात नाही."

मला ओरडायची सवय आहे. युनिटमधल्या सगळ्यांना आहे, म्हणजे ऐकायची. मशीनं थांबली होती आणि सगळ्या बायका माझ्या ओरडण्याची वाट बघत होत्या. मी नॅपकिनची घडी घातली आणि वैशालीला म्हटलं, घरी जा, उद्या लवकर ये.

शुक्रवार

तांबे एकटेच आले. चहा नको म्हणाले. ऑडिटवाल्याने चहा नाकारला की मी काळजीत पडते. मी त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं, वैशालीने त्यांच्यादेखत सगळं करून दाखवलं. पूर्ण नाव, मग प्रोग्रामचा स्वतःचा नंबर. ते त्यांच्या मोबाइलवर बराच वेळ काही वाचत बसले. शेवटी म्हणाले, बरोबर आहे, हे सुरक्षित आहे, जोडणी राहील.

 तांबे तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं.

पण ते म्हणाले, "मॅडम, मग आम्हाला अर्धाच नंबर कसा मिळाला? अहवालात कारण लिहावं लागेल."

फोनवर नीट ऐकू येत नव्हतं, हे उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. आमच्या भागात कुणालाही पटलं असतं. मी ते देणार तेवढ्यात त्यांनी स्वतःच पुढचं सांगितलं, त्याच मऊ आवाजात, की ऑपरेटरची चूक असं लिहितो, आणि आमच्या कामावर यापुढे दुसरी कुणी द्या. वैशाली त्यांच्या खुर्चीच्या मागे उभी होती.  मीच तिला शिकवलंय, गिऱ्हाइकापुढे बोलायचं नाही म्हणून.

माझं डोकं फिरलं. "तिची चूक नाही. तिने नियम पाळलाय. नियम माझा आहे."

"कुठला नियम?"

आता सांगणं भाग होतं. सांगितलं. आतला नंबर, त्याचं शेपूट, मशीन, पाळी, पुन्हा छापल्याची खूण, आणि ते गेटबाहेर जात नाही हे. तांबे ऐकत गेले आणि त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी ओळखलं. घासाघीस करणाऱ्याला समोरच्याकडे काय आहे ते अचानक दिसतं, तेव्हा तसं येतं.

"म्हणजे आमच्या ड्रमवरचं लेबल पुन्हा छापलेलं असेल तर तुम्हाला ते कळतं, आणि आम्हाला कळत नाही."



"यापुढे शेपटासकट छापा," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. त्यांनी जोडणीचा विषय काढला. मी बारीक अक्षरात छापीन म्हटलं, ते म्हणाले वाचता आलं पाहिजे. मी म्हटलं, माझ्या एकटीच्या लेबलांवर चुका दिसणार आणि कल्याणची लेबलं धुतलेल्या तांदळासारखी, हे चालणार नाही. असेल तर सगळ्यांना. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, चालेल, सगळ्यांना. आणि अहवालात, मी म्हटलं, ऑपरेटरचं नाव येणार नाही. ते म्हणाले, नाही येणार. मग त्यांनी चहा मागितला.

संध्याकाळी गायकरचा फोन आला. "काय गो ताय, माजे घरची भाकरी खाल्लीस नि माजेच शेपटाला हात घातलास?" मी म्हटलं, सुकट छान होती. तो बराच वेळ शिव्या देत होता. मी फोन टेबलावर ठेवून ऐकल्या. बोलावलेली मुलगी त्याने ठेवून घेतली, हे शेवटी सांगितलं.

साळवीलाही मीच फोन केला. त्याला मी फार बोलले होते, पण ते विषयात आलं नाही. मी म्हटलं, मला ते सगळ्यात नवं नको, गायकरकडे आहे ते जुनं बसवून दे. तो हसला की खोकला ते कळलं नाही.

"मागे जाता येत नाही, मॅडम. तुमचा आकडा पुढे गेलाय. थांबा थोडं. ही आवृत्ती बाहेर आली की तुमचं आपोआप जुनं होईल."

त्याला आत यायची वाट मी पुन्हा उघडून दिली. दिवसा, आणि मी समोर असतानाच.

पुढच्याच आठवड्यात आमच्या जुन्या यंत्राने एका रोलवर चुकीची बॅच छापली. इतकी वर्षं अशा वेळी आम्ही रोल कापून टाकायचो, नवा छापायचो आणि तोंड बंद ठेवायचो. वैशालीने नवा रोल छापला आणि कटर हातात घेऊन माझ्याकडे आली. नंबराच्या पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, आधी काय छापलं गेलं आणि खरं काय आहे ते. मी चष्मा लावून वाचलं. बाहेर टेम्पो चालू होता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता.

"मॅडम, शेपूट काढू?"

"राहू दे," मी म्हटलं. "पण कडा सरळ काप."